जांभळा डाग

लिफ्टमधलं सहा नंबरचं बटण जांभळं झालं तेव्हा श्रावणाचा पहिला आठवडा चालू होता, आणि हेमाताई तोरसकरांचा पारा चढला तो त्यामुळेच. एरवी त्या गप्प बसल्या असत्या. गेली दोन वर्षं त्या गप्पच बसत आल्या होत्या.

किरकटवाडीच्या पुढे टेकडीला टेकून 'मधुपर्क' सोसायटी उभी आहे. तिच्या सहाव्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एक हेमाताईंचं, म्हणजे त्या एकट्याच. दुसरं सोसायटीचे चेअरमन पद्माकर रुईकर यांचं. रुईकरांच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा येत नाही. हेमाताई पडल्या देवगडच्या, मासळीवर पोसलेल्या. तेव्हा सहाचं बटण जांभळं म्हणजे तोरसकरबाईंचं काम, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

सकाळी दूध आणायला त्या खाली उतरल्या, तर लॉबीत रुईकर उभेच. उजव्या हाताच्या बोटाला रुमाल गुंडाळलेला. शेजारी योगासनं आटोपून आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोघीतिघी.

"तोरसकरबाई, निदान श्रावणात तरी!" रुईकर म्हणाले. आवाज अगदी मऊ, देवळात बोलतात तसा.

"श्रावणात तरी काय, भावोजी?"

"मी काय बोलू? बटणच बोलतंय."

हेमाताईंनी मागे वळून लिफ्टमध्ये पाहिलं. सहाच्या आकड्यावर बोटाएवढा जांभळा ठिपका होता. पिकलेल्या जांभळाचा असावा तसा.

"गटारीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे शेवटचं कालवण झालं. तेव्हापासून घरात काटा नाही मासळीचा. माझा श्रावण माझ्या आईपासूनचा आहे. हे गेले त्या वर्षीसुद्धा मी तो मोडला नाही."

"तुमचा शब्द खोटा कसा म्हणू? पण लेपाला काही तुमच्याशी वैर नाही ना," रुईकर म्हणाले, आणि योगवाल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

हा लेप म्हणजे 'निष्कलंक'. नाव कंपनीने ठेवलेलं. काचेसारख्या पारदर्शक जेलीचा, केसाहूनही पातळ थर. ओट्यावर, चिमणीवर, फ्रिजच्या दारावर, मिक्सरच्या भांड्यावर एकदा फवारला की डोळ्यांना दिसतही नाही. पण त्या थरात जिवाणू जिवंत असतात, प्रयोगशाळेत घडवलेले, आणि आपले डाग हेच त्यांचं अन्न. तेलाचा शिंतोडा उडाला की ते तेल खातात, पिठाचं बोट लागलं की पीठ खातात, काहीच नसलं की झोपून राहतात. वॉशिंग मशीनच्या दारातल्या रबराच्या घडीत जी काळी बुरशी साठते आणि जिच्यापुढे भल्याभल्या गृहिणींनी हात टेकलेत, तीसुद्धा ते फस्त करतात. पुसायचं, घासायचं, खरवडायचं काम माणसाला उरतच नाही.

हेमाताईंनी मुलींच्या शाळेत उभी हयात गृहशास्त्र शिकवलं होतं. वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "मुलींनो, डाग म्हणजे पाप नव्हे. चांगला पदार्थ चुकीच्या जागी पडला की त्याला डाग म्हणतात. भाजीतली हळद ती हळदच, साडीवरची हळद तो डाग." निवृत्तीनंतर संधिवाताने त्यांची मनगटं धरली. ओटा घासताना डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून हा लेप बाजारात आला तेव्हा सोसायटीच्या सभेत उभं राहून त्याची भलामण केली ती त्यांनीच. सगळ्यांनी मिळून घेतला तर स्वस्तात पडेल, असं म्हणाल्या होत्या. रुईकरांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या.

जांभळ्या रंगाची गोष्ट मात्र वेगळी. मासळी साफ केलेल्या ओट्यावर तिचा अंश राहिला आणि त्याच जागी काकडी चिरली, तर पोट बिघडतं. म्हणून कंपनीने या जिवाणूंना एक जादा गुण शिकवला. समुद्रातले मासे खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी अंगात एक रसायन साठवतात. मासा मेला की त्यातून एक उग्र वासाचं द्रव्य सुटतं, अमाइन नावाचं. आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो, तो याचाच. हे द्रव्य भेटलं की जिवाणू जांभळा रंग तयार करतात आणि ते पचवून होईपर्यंत, अर्धा दिवस तरी, तो रंग टिकतो. इथे सफाई चालू आहे, जरा थांब, एवढंच गृहिणीला कळावं हा हेतू.

हेतू चांगलाच होता. पण माणसाच्या हातात सुरी दिली की तो नुसती भाजीच चिरेल याची हमी कोण देणार? रुईकरांनी पुढच्या वर्षी लॉबीच्या भिंती, जिन्याचे कठडे, दारं, दारांच्या मुठी आणि लिफ्टची बटणं या सगळ्यांवर लेप मारून घेतला. देखभाल कमी लागेल म्हणाले. आणि मग बटणांवर जांभळे ठसे दिसू लागले. मग सूचनाफलकावर गोड भाषेतली विनंती लागली, की ज्यांचे ठसे रंगीत येतात त्यांनी कृपया मागची लिफ्ट वापरावी. मागची लिफ्ट म्हणजे कचऱ्याचे डबे नेण्याची.

हेमाताईंनी त्यावर भांडण केलं नाही. त्यांनी लिंबू आणलं. वर्गात शिकवलेलंच होतं, मासळीच्या हाताला लिंबू चोळावं. आंबट पदार्थ त्या अमाइनला धरून ठेवतो, वास उडत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जातो. जेवून झालं की त्या अर्धं लिंबू तळहातावर, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली चोळायच्या आणि पुढच्या लिफ्टने ताठ मानेने खाली उतरायच्या. दोन वर्षांत एकही ठसा नाही. यात आपण काही गमावतो आहोत असं त्यांना वाटलंच नाही. उलट आपण हुशारी केली, असंच वाटे.

आणि आता भर श्रावणात, खरोखर काही केलेलं नसताना, हे बोलणं!

"बघा तर मग," त्या म्हणाल्या आणि लॉबीच्या पांढऱ्या भिंतीवर त्यांनी आपला उजवा तळहात दाबला. सगळे पुढे झुकले. भिंत पांढरीच राहिली. त्यांनी डावा हात दाबला. भिंत तशीच.

"झालं समाधान?"

"मग सहाव्या मजल्यावर दुसरं कोण?" योगवाल्यांपैकी एक पटकन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

इथे हेमाताईंनी गप्प बसायला हवं होतं. पण अंगात आलेलं उतरायला वेळ लागतो. "ते चेअरमनसाहेबांना विचारा!" असं म्हणून, दुधाची रिकामी पिशवी हलवत, त्या तोऱ्यात निघून गेल्या. दिवसभर त्यांना फार बरं वाटलं.

रुईकरांची सून, त्यांच्या तन्मयची बायको ऋता, फिजिओथेरपिस्ट होती. जळगावकडची, माळकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आली की ती आधी समोरच्या दारात डोकवायची, हेमाताईंच्या मनगटांना व्यायाम द्यायची, चहा प्यायची आणि मग घरी जायची. त्या संध्याकाळी ती आली नाही. समोरच्या दाराआडून मात्र रुईकरांचा आवाज येत होता, आणि तो देवळातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी नलिनीताई आल्या. ऋताची सासू, हेमाताईंची इतक्या वर्षांची मैत्रीण. खुर्चीत बसल्या नाहीत. दाराशीच उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हेमा, खरं सांग. तू तिला काय खायला घातलंस?"

"कुणाला?"

"ऋताला. काल ह्यांनी घरातल्या सगळ्यांना फ्रिजच्या दारावर हात ठेवायला लावला. ह्यांचा नाही, तन्मयचा नाही, माझा नाही. तिचा आला. पाची बोटं, ठसठशीत. ती शपथा घेतेय, पण ऐकणार कोण? हे म्हणतात, समोर जाऊन बसते ना रोज, तोरसकरबाईंनी बाटवली."

'बाटवली' हा शब्द हेमाताईंच्या कानशिलात बसला. "मी तिला थालीपीठ घातलं," त्या म्हणाल्या. "उपमा घातला. परवा वालाचं बिरडं दिलं वाटीभर. नलू, तू मला ओळखतेस ना गं? माळकरी पोरीला मी मासळी भरवीन?"

"मला काही कळेनासं झालंय," नलिनीताई म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपत गेल्या. हेमाताई तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ऋताला त्या फ्रिजपुढे कुणी उभं केलं? आपणच. काल भिंतीवर हात दाबून, दिमाखात.

ऋताला त्यांनी तिच्या क्लिनिकच्या बाहेर गाठलं. पोर रात्रभर रडलेली दिसत होती. बाकावर बसून ती हळूहळू बोलायला लागली, आणि जे बोलली ते तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तिच्या घामाला कधीकधी विचित्र वास यायचा. वसतिगृहात मुलींनी आपल्या खाटा हलवल्या होत्या. ती दिवसातून दोनतीनदा अंघोळ करायची, अत्तरं लावायची, गर्दीत हात वर करायची नाही. "मला वाटायचं, मी घाणेरडीच आहे, मावशी. म्हणून मी सगळं जास्त जास्त घासत राहते. पण मी कधी अंडंसुद्धा खाल्लं नाही हो."

हेमाताईंनी तिला उठवलं आणि विनाचालक रिक्षात घालून थेट आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे नेलं. ती आता डॉक्टर होती. लघवीच्या साध्या तपासणीत उलगडा झाला.

"हे बघ ऋता," डॉक्टरीण म्हणाली, "माशात जे अमाइन असतं ना, तेच आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात तयार होतं. वाल, सोयाबीन, फुलकोबी, दूध, सगळ्यांतून थोडंथोडं. आपलं यकृत एका एन्झाइमच्या मदतीने त्याचा वास मारून टाकतं. काही जणांचं हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. मग ते द्रव्य तसंच घामातून बाहेर पडतं. धोका काही नाही, कुणाला लागतही नाही. श्रावणात घरोघर उसळी-बिरडी होतात, त्यामुळे आत्ता वाढलंय इतकंच."

"याला नाव आहे?" ऋताने विचारलं.

"आहे की. लांबलचक आहे."

ऋता हसली आणि हसताहसताच रडली. हेमाताईंना वाटलं, सुटलो. तपासणीचा कागद घेऊन त्या तडक रुईकरांच्या दिवाणखान्यात गेल्या. रुईकरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा सैल पडला.

"म्हणजे हिने खाल्लं नव्हतं तर," ते म्हणाले. "देवाची कृपा." मग थोडा विचार करून म्हणाले, "पण म्हणजे दोष अंगातच आहे."

"दोष कसला, भावोजी? यकृतातलं एक एन्झाइम मंद आहे. तुमच्या डोळ्याला चष्मा आहे तसं समजा."

"चष्म्याने भिंत रंगत नाही, तोरसकरबाई. लग्नाआधी हे सांगायला हवं होतं. बरं, सोसायटीत बोभाटा झालाय. नियम मी केलेत, माझ्याच घरातली माणसं पुढच्या लिफ्टमध्ये ठसे उमटवत हिंडली तर माझं तोंड राहील का? रविवारी सकाळी सभा आहे. तिथे सर्वांसमोर हात ठेवायचा. ठसा आला नाही तर उत्तम. आला, तर काही दिवस जळगावला जावं हे बरं."

"काही दिवस म्हणजे किती?" हेमाताईंनी विचारलं. रुईकरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्यांचा तन्मय सोफ्यावर मोबाइल चाळत होता. तिशीतला धडधाकट पुरुष, पण वडिलांपुढे त्याच्या तोंडाला कायम कुलूप.

हेमाताई घरी आल्या त्या पाय आपटत. आधी रुईकरांवर चिडल्या, मग तन्मयवर, आणि मग रात्रीचं ताट पुढे ओढलं तेव्हा स्वतःवर. आपण तो कागद नाचवत गेलो कशाला? तिने मासा खाल्ला नाही, हे सिद्ध करायला. आणि खाल्ला असता तर? तर मग तिला कचऱ्याच्या लिफ्टने पाठवणं योग्य ठरलं असतं? म्हणजे नियम आपणही मान्यच केला होता की! त्यांनी ताट झाकून ठेवलं.

शनिवारी नलिनीताई ऋताला घेऊन आल्या. दार लावून घेत त्यांनी कुजबुजत विचारलं, "हेमा, तुझा ठसा दोन वर्षांत कधी आला नाही. मला ठाऊक आहे तू मासे सोडलेले नाहीस. फोडणीचा वास माझ्या खिडकीत येतो. काय करतेस तू?"

हेमाताईंनी फळांच्या टोपलीतून लिंबू उचललं आणि टेबलावर ठेवलं. त्यामागचं शास्त्रही सांगितलं. नलिनीताईंचा जीव भांड्यात पडला. त्या सुनेकडे वळल्या. "एवढंच ना? मग उद्या सभेला जाण्याआधी चोळ बाई हात. विषय संपला. ह्यांची मानही राहील, तुझीही."

ऋताने लिंबू हातात घेतलं, पण तिचं लक्ष लिंबाकडे नव्हतं. रोज व्यायाम देताना ती हेमाताईंचे हात हातात घ्यायची. नखांभोवती सोललेली कातडी, बोटांच्या बेचक्यांत पडलेल्या चिरा. तिला वाटायचं, हे वयामुळे.

"मावशी, तुम्ही रोज करता हे?"

"श्रावण सोडून."

"झोंबत नाही?"

"झोंबतं. सवय होते."

"म्हणजे मी पण रोज करायचं. सकाळी, दुपारी, घाम आला की. म्हातारी होईपर्यंत." ती बोलताना थांबली. "मी इतकी वर्षं घासतेच आहे, मावशी. तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून. आता माहीत असूनसुद्धा घासू?"

नलिनीताईंनी लिंबू तिच्या पर्समध्ये टाकलं आणि सुनेला हाताला धरून नेलं.

सभा लॉबीतच भरली. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा होता, आणि श्रावण म्हणून साबुदाण्याची खिचडीही होती. तमाशा फुकटचा असला की आपल्याकडे उपस्थिती चांगली असते. रुईकरांनी प्रास्ताविक केलं. कुणाच्याही खाण्यापिण्यावर आमचा आक्षेप नाही, फक्त सार्वजनिक जागेचं पावित्र्य, वगैरे. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, खिशातला रुमाल काढला आणि मोठ्या मायेने तिच्या हातात दिला. "हात पूस आणि ठेव. घाबरू नकोस."

नलिनीताईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या मते लिंबू चोळून झालं होतं. ऋताने रुमालाला हात पुसला, पुढे झाली आणि पांढऱ्या भिंतीवर तळहात टेकवला.

तिने लिंबू चोळलं नव्हतं.

आधी काहीच दिसलं नाही. मग बोटांच्या टोकांशी रंग धरू लागला, तळव्याकडे सरकला, आणि तिने हात काढला तेव्हा भिंतीवर अख्खा जांभळा हात उमटला होता. घरात नवी सून आली की भिंतीवर हळदीचे हात उमटवतात, तसा. रंग तेवढा वेगळा.

लॉबीत कुजबुज झाली. रुईकरांचा चेहरा उतरला. "तन्मय," ते म्हणाले, "उद्याचं जळगावचं तिकीट काढ." आणि तन्मयने, शहाण्या मुलाने, मोबाइल बाहेर काढला.

"थांबा!" हेमाताई ओरडल्या. "सभा संपवू नका. मी आले."

त्या लिफ्टने वर गेल्या. स्वयंपाकघरातल्या फडताळात सगळ्यात वर एक घट्ट झाकणाचा डबा होता. बहिणीने देवगडहून पाठवलेला सुका जवळा, म्हणजे बारीक वाळवलेली कोळंबी. श्रावण संपेपर्यंत उघडायचा नाही म्हणून वर ठेवलेला. हेमाताईंनी स्टुलावर चढून तो काढला. झाकण उघडताना मनगटातून कळ गेली. जन्मात हा महिना मोडला नव्हता. देव्हाऱ्याकडे बघून त्या मोठ्याने म्हणाल्या, "देवा रवळनाथा, बघतंस मां?" आणि तवा तापत ठेवला.

जवळा भाजायला कितीसा वेळ लागतो! त्यावर चिरलेला कांदा, मीठ, तिखट. एरवी वरून कोकम पडतं. ते त्यांनी मुद्दाम टाकलं नाही. आंबट आज नको होतं. हाताने सगळं चुरून त्यांनी एक घास खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, तिखटाने आणि रागाने. मग न धुतलेल्या हाताने त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.

लॉबीत लिफ्टचं दार उघडताच वास आधी पोचला. योगवाल्या बायकांनी नाकाला पदर, ओढण्या लावल्या. हेमाताई सरळ भिंतीशी गेल्या आणि ऋताच्या ठशाशेजारी आपला हात दाबला. रंग असा चढला की तळव्यावरच्या चिरासुद्धा उठून दिसल्या.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी लिंबू चोळून तुमच्या लिफ्टमध्ये शिरत होते, चोरासारखी. माझ्याच पैशाच्या लिफ्टमध्ये. लाज वाटायला हवी होती ती मला नव्हे, आणि वाटत राहिली मलाच. आज श्रावणात खाल्लंय. ते पाप असेल तर माझं आणि माझ्या देवाचं आहे. माझो श्रावण माका म्हायत. तुमका कित्याक व्हयो?"

"तोरसकरबाई, सभ्यपणा..."

"सभ्यपणा? रुईकर, ही पोर खात नाही तरी हात उमटतो. मी खाते म्हणून उमटतो. तुमच्या लेपाला दोन्ही सारखेच, तो बिचारा दोन्ही चाटूनपुसून खातो आणि झोपतो. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी होईल. त्या जिवाणूच्या मनात काही राहत नाही. तुमच्या मनातला डाग कोण खाणार?"

इतकी वर्षं त्या त्यांना 'भावोजी' म्हणत. आज नुसतं 'रुईकर' ऐकून ते दचकले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी उठून तिसरा हातही ठेवला नाही. माणसं अशी पटकन उठत नसतात. एकदोघांनी खिचडीची प्लेट खाली ठेवली, एवढंच.

उठल्या त्या नलिनीताई. आयुष्यात त्यांनी मासळीला बोट लावलं नव्हतं. त्या हेमाताईंजवळ आल्या आणि त्यांनी आपल्या दोन्ही हातांत तो तिखटमिठाचा, वासाचा हात धरला. चांगला घट्ट. तळव्याला तळवा घासला.

"नलिनी!" रुईकर म्हणाले. "हात धू आधी."

"धुते की, घरी जाऊन." त्यांनी ऋताला दंडाला धरलं आणि दोघी लिफ्टमध्ये शिरल्या. हेमाताईही मागोमाग गेल्या. सहाचं बटण नलिनीताईंनी दाबलं, सावकाश, बोट दाबून धरून. वर पोचल्यावर त्यांनी आपल्या दारावर, 'रुईकर' या पितळी अक्षरांखाली, दोन्ही हात टेकवले. मग मूठ धरली, फिरवली, आणि ऋताला पुढे घालून आत गेल्या. मागे दार लोटलं गेलं.

हेमाताई आपल्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने जिन्यावर धापा टाकण्याचा आवाज आला. लिफ्टचं बटण जांभळं झालेलं, म्हणून रुईकर सहा मजले चढून आले होते, आणि एरवी हात टेकायला असलेला कठडाही त्यांनी धरला नसावा. ते आपल्या दारासमोर येऊन थांबले. दारावर दोन जांभळे हात होते. मूठही जांभळी झाली होती. त्यांचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. रुमाल ऋताकडे राहिला होता.

"नलिनी," त्यांनी हाक मारली. "दार उघड."

आत कपबशा वाजल्या. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मग नलिनीताईंचा आवाज, रोजचाच, जराही न चढलेला.

"उघडंच आहे हो. हात लावा, आणि या."